आमचा बंद पडणारा गिझर

त्या आठवड्यात माझं आणि देवाचं बोलणं जवळजवळ बंद होतं. दिवा लावत होते, फुलं वाहत होते, पण मनातून रुसले होते. कारण ऐकलं तर कुणीही हसेल. आमचा न्हाणीघरातला गॅसचा गिझर. लेक पहिल्या बाळंतपणाला आमच्याकडे जळोचीला आली होती. बाळ वजनाला कमी, आणि त्याला गारठा लागू देऊ नका असं डॉक्टरांनी दहादा बजावलेलं. थंडी कडाक्याची, घराला लागूनच ऊस, तिकडून वारा असा यायचा की दात वाजावेत. आणि नेमकं बाळाला पायांवर घेऊन तेल चोळून झालं, पाणी ओतायला घेतलं, की गिझर विझायचा.

माझी तयारी काही कमी नव्हती. ओल्या बाळंतिणीला वारा लागू नये म्हणून मी न्हाणीघराच्या खिडकीत जुनी गोधडी घट्ट कोंबली होती. दाराखालच्या फटीत पोतं लावलं होतं. माझ्या आईनं माझ्या वेळी असंच केलं होतं, आणि तिचं बघून शिकलेलं मी कधी तपासून पाहिलेलं नाही.

आमच्या ह्यांनी गिझरचे सेल बदलले, सिलिंडर बदलला, पाण्याची जाळी काढून धुतली, टाकीचा वॉल्व्ह बघायला गच्चीवर चढले. दुरुस्तीनंतर दार सताड उघडं ठेवून हे नळ सोडायचे, तेव्हा तो गुणी बाळासारखा चालायचा. आम्ही मायलेकी दार लावून आत बसलो की पुन्हा ठप्प. लेक डोक्याला शिकेकाई लावून कुडकुडत बसायची आणि मी चुलीवरचं पातेलं आणायला धावायची. देवघरातल्या दत्तमहाराजांना मी रोज सांगत होते, दुसरं काही मागत नाही, एवढा गिझर चालू राहू दे. ते आपले शांत.

शेवटी गुरुवारी ह्यांचा धीर सुटला. गिझरमध्ये तो आपोआप बंद करणारी एक वायर असते, असं त्यांना कुणीतरी सांगितलं होतं. म्हणाले, "ती वायरच काढून डायरेक्ट जोडतो. मग कसा बंद पडतोय बघू." मलाही ते पटलं. त्यासाठीचं सामान आणायला हे बारामतीत गेले आणि मी मनातल्या मनात महाराजांना टोमणा मारला की बघा, तुमच्यावाचून अडलं नाही.

हे गेले तशी दारात एक म्हाताऱ्या बाई उभ्या. हातात बाळंतविड्याची पिशवी. इंदापूरच्या एसटीनं आल्या होत्या, भाचीचं बाळ बघायला. मी ओळखेना, त्या मला ओळखेनात. बोलता बोलता कळलं, भाचीचं घर मागच्या गल्लीत. आमच्या गच्चीवर दुपटी आणि लंगोट वाळत दिसले म्हणून बाई कुणाला न विचारता सरळ आत आल्या होत्या. आम्ही दोघी पोट धरून हसलो. पण दारात आलेल्या बाईला चहा न देता कसं पाठवायचं? त्यांनाही बाळ बघितल्याशिवाय पाय निघेना. बाहेरून आलेल्या माणसानं पाय धुतल्याशिवाय बाळाजवळ जायचं नाही, ही आमच्याकडची रीत. मी गिझर लावून त्यांना न्हाणीघरात पाठवलं. दार लोटून घ्या, वारा येतो, असंही सांगितलं.

जरा वेळानं आतून आवाज आला. "आगं पोरी, हितं जीव गुदमारतोय. वाराच न्हाय आत. ही गोधडी मी काढली बघ." मी धावले तोवर गोधडी जमिनीवर, खिडकी उघडी, पोतं पायानं बाजूला. मी मनातून चिडले. बाई मात्र निवांत पाय धूत होत्या, आणि गिझर चालूच होता. चहा उकळून खाली उतरवला तरी चालू होता.

मी पुन्हा गोधडी कोंबली, दार लावून बाहेर उभी राहिले. थोड्या वेळात विझला. काढली, परत लावला, तर चालू. म्हणजे कोंडलं की विझतो, वारा मिळाला की चालतो. ह्यांना फोन करून म्हटलं, "सामान आणू नका, त्या वायरला हात लावायचा नाही. नुसते घरी या."

संध्याकाळी मेकॅनिक आला आणि त्यानं समजावून सांगितलं. कोंडलेल्या खोलीत गॅस जळला की हवा संपते, विषारी वायू साचतो. त्याला वास नसतो, माणूस झोप लागावी तसा पडतो. म्हणून हवा कमी झाली की गिझर स्वतःच विझतो. त्याचं कामच ते. त्यानं तो काढून बाहेर परसात, मोकळ्यावर बसवला. माझ्या आईच्या काळी पाणी परसातल्या चुलीवर तापायचं, न्हाणीघरात जाळ नसायचाच, हे मला तेव्हा आठवलं.

बाई एव्हाना भाचीकडे पोचल्या होत्या. जाताना बाळाला एक टोपडं देऊन गेल्या. दुसऱ्या दिवशी मी साखर घेऊन त्यांना भेटायला गेले आणि सगळं सांगितलं. त्या म्हणाल्या, "मी काय केलं? मी तर घर चुकले." याला कुणी योगायोग म्हणावं, मी वाद घालणार नाही.

त्या गुरुवारी मेकॅनिक गेल्यावर दिवा लावला, बाळाला मांडीवर घेतलं, आणि आरती म्हणताना मला रडू आवरेना. मागितलेलं मिळालं नाही की देव ऐकत नाही, असं मी आजवर धरून चालले होते. आजही मागते, मागितल्याशिवाय राहवत नाही, पण शेवटी म्हणते, तुम्हाला योग्य वाटेल ते करा. मी रोज त्यांना सांगत होते, चालू राहू दे. आणि ते रोज, माझी बोलणी खात, बंद करत होते.