संग्रहालयातलं गाऱ्हाणं

शेवंती राऊळ कुणाचं ऐकत नाही, हे कसालच्या आतल्या चारही वाड्यांना पाठ आहे. मागे एस.टी.चा थांबा पलीकडच्या वळणावर नेला, तर ही बाई पंधरा दिवस जुन्याच जागी उभी राहून गाडीला हात दाखवत होती. सोळाव्या दिवशी ड्रायव्हरने हात टेकले आणि गाडी थांबवली. थांबा अजून तिथंच आहे. शेवंतीचं वय अठ्ठावन्न, शाळा चौथीपर्यंत, घरी भाताचे चार कुणगे आणि काजूची बाग. नवरा इतका गरीब स्वभावाचा की त्याच्या वाटचंही तीच भांडते.

अशा शेवंतीला गप्प करणारी वाडीत एकच बाई होती, शेजारची जानकी. दोघी एकाच वैशाखात सुना होऊन आल्या आणि पहिल्याच गौरीला एकमेकींसमोर फुगडीला उभ्या राहिल्या. तेव्हापासून अडतीस वर्षं शेवंतीने दुसऱ्या कुणाचा हात धरला नाही. हात तिढा घालून धरायचे, पाय जुळवायचे, अंग मागे झोकून द्यायचं. गाणं जानकीने उचलायचं आणि बाकीच्या बायकांनी तोंडाने फू फू करत ठेका धरायचा. त्या फू फूवरच पावलं पडतात. ठेका चुकला की फुगडी संपली, मग कुणाचा तरी गुडघा फुटतो.

गेल्या भाद्रपदात वाडीवर तेजस्वी आली. तिशीची मुलगी, पुण्याची, पाठीवर कॅमेऱ्याची बॅग. सावंतवाडीला काजूच्या जुन्या कारखान्यात आजच्या कलेचं संग्रहालय सुरू झालंय, त्यांच्यासाठी ती फुगडीवर फिल्म करणार होती. पोर गुणाची होती. पाच दिवस वाडीत राहिली, उकडे तांदूळ जेवली, आणि पडवीत बायकांबरोबर चटईवर झोपली. तिच्यापुढे एकच अडचण होती. कुणी मोबाइल समोर धरला की जानकीची दातखीळ बसायची. इतक्या वर्षांत तिचं गाणं कुणाला म्हणून रेकॉर्ड करता आलं नव्हतं. तेजस्वीने शक्कल लढवली. कॅमेरा लांब पडवीत ठेवला आणि शेवग्याच्या शेंगेच्या बीएवढा माइक जानकीच्या केसांतल्या अबोलीच्या वळेसरात खोवला. घटकाभरात जानकी तो विसरली आणि मोकळ्या गळ्याने गायली.

मार्गशीर्षात जानकी गेली. सकाळी गोठ्यात पडली ती पुन्हा उठलीच नाही. दिवस झाले, पाहुणे पांगले, आणि शेवंतीच्या डोक्यात एकच गोष्ट घर करून बसली. जानकीचा आवाज कुठेतरी शिल्लक आहे. त्या मुलीच्या पेटीत आहे. तो एकदा ऐकायचा.

फाल्गुनात संग्रहालयातून फोन आला. तिथले लोकांसाठीचे कार्यक्रम वेनेसा बघते. ती मालवणची, गावठी माणसाशी गावठीतच बोलणारी. एका रविवारी लाकडी खेळणी रंगवायला शिकवतात, एका रविवारी चित्रकार येऊन गप्पा मारतो, आणि तिसऱ्या रविवारी 'पडद्यावरचं नृत्य' असतं. या तिसऱ्या रविवारी तुमचीच फिल्म आहे, वाडीवरच्या सगळ्यांनी या, असं तिने सांगितलं. शेवंतीने टेम्पो ठरवला आणि सतरा बायका गोळा केल्या. तिचे थोरले दीर भाई पुढच्या सीटवर बसले. देवळात गावाच्या वतीने देवाला गाऱ्हाणं घालायचा मान भाईंच्या घरात, तेव्हा पुढची सीटही आपोआप त्यांचीच.

सभागृह थंडगार होतं, भिंती पांढऱ्याफेक. दिवे गेले आणि पडद्यावर पावलं आली. नुसती पावलं. शेणाने सारवलेली जमीन, जोडवी, नऊवारीचे काठ, आणि सगळं इतकं सावकाश की पाय उचलल्यावर खाली येईपर्यंत माणसाने पान जुळवून खावं. चेहरा कुणाचाच नाही. वर पियानो वाजत होता. शेवंती कान टवकारून बसली होती. आता येईल, पुढच्या फेरीला येईल. पियानो वाजतच राहिला. सोळा मिनिटांनी 'कोकणातील स्त्रिया' एवढी अक्षरं आली आणि दिवे लागले. पुढच्या रांगांनी टाळ्या वाजवल्या. जानकी दुसऱ्यांदा मेल्यासारखं शेवंतीला वाटलं, आणि पाठोपाठ असा संताप आला की कानशिलं तापली.

मग प्रश्नोत्तरं सुरू झाली. तिथली रीत अशी की प्रश्न चिठ्ठीवर लिहून द्यायचा आणि वेनेसाने तो वाचून दाखवायचा. कुणी प्रकाशाबद्दल विचारलं, कुणी गतीबद्दल. शेवंतीने चिठ्ठी घेतली नाही. ती उठून उभी राहिली आणि कचेरीत बोलतात तसं जपून, पुस्तकी मराठीत म्हणाली, "आमच्या जानकीचं गाणं यात का नाही?"

तेजस्वी गोरीमोरी झाली. ती म्हणाली की आवाज घेतला होता, पण त्यात धापा फार आहेत, फू फूमध्ये शब्द बुडतात, आणि तिला नजर फक्त पावलांवर हवी होती. गाणं काढताना जीवावर आलं होतं, हेही तिने कबूल केलं. जानकी गेल्याचं तिला आज दारात कळलं होतं. एवढ्यात संग्रहालयाच्या अध्यक्षांनी माइक हातात घेतला. गृहस्थ गोडबोले. "ताई, तुमच्या भावनांची आम्ही अवश्य नोंद घेऊ," ते म्हणाले आणि पुढची चिठ्ठी मागितली.

नोंद घेऊ म्हणजे काय, हे शेवंतीला एस.टी.च्या थांब्याच्या अर्जापासून माहीत होतं. वळणावर नेऊन सोडणार. ती रांगेतून बाहेर आली, पांढऱ्या पडद्यासमोर जाऊन उभी राहिली, चपला काढून बाजूला ठेवल्या, पदर खांद्यावरून घेतला आणि हात जोडले. ही आता काय करणार ते बायकांनी ओळखलं. गाऱ्हाणं घालावं ते पुरुषाने, तेही मानकऱ्याने, तेही देवासमोर. बाईने घालू नये असं कुठं लिहिलेलं नाही, पण घातलेलं कुणी ऐकलंही नव्हतं.

"बा देवा म्हाराजा," शेवंतीने खडा आवाज लावला. "आज ह्या सावंतवाडीच्या संग्रहालयात तुझी लेकरां जमली आसत, म्हाराजा."

"व्हय म्हाराजा," मागच्या रांगेतून भारदस्त आवाज आला.

तो भाईंचा होता. गाऱ्हाण्याचा सूर कानावर पडला की 'व्हय म्हाराजा' तोंडातून आपोआप निघतं. साठ वर्षांची सवय, ती काय बाई की पुरुष विचारत बसते? बोलून गेल्यावर भाईंच्या ध्यानात आलं आणि ते ओशाळले. पण आता मानकऱ्यानेच होकार भरला म्हटल्यावर सतरा बायकांना कुणाचं भय?

"आमी गौरीच्या दिसांत घाम गाळून फुगडी घातलव. ती ह्या पुण्याच्या चेडवान फिल्मात घेतल्यान. पावलां ठेवल्यान आणि गळो टाकून दिल्यान, म्हाराजा."

"व्हय म्हाराजा!" या खेपेला सगळ्या बायका होत्या.

"जानकी आता नाय. तिचो आवाज थंय पेटीत पडान आसा. जो कोण तो दाबून ठेवता, तेका बरी बुद्धी दी. नोंद नको, वायदो नको. आजच्या आज तो आवाज भायर काढ, म्हाराजा."

आता पुढच्या रांगांतही कुणी कुणी "व्हय म्हाराजा" म्हणालं. माणसं जिल्ह्यातलीच, कपडे इस्त्रीचे असले तरी कान गावचेच. अध्यक्षांनी वेनेसाकडे बघितलं. वेनेसाने हात जोडलेले होते आणि तीही होकार भरत होती.

"आणि आवाज देवचो नसात, तर आमची पावलां आमका परत देवक सांग, म्हाराजा. जोडव्यांसकट."

"व्हय म्हाराजा!"

अध्यक्ष वेळेचं काहीतरी बोलू लागले, पण शेवंती पडद्यासमोरून हलली नाही. मला उचलून नेणार असाल तर न्या, असा तिचा चेहरा होता, आणि तिला उचलायला पुढे यावं असं कुणालाच वाटलं नाही. शेवटी तेजस्वीच उठली. ती म्हणाली की मूळ चित्रण लॅपटॉपमध्ये आहे, कापलेलं नाही, साफ केलेलं नाही, जसं घेतलं तसं आहे. मग आमका तसांच होयां, असं शेवंतीने सांगितलं आणि चपला हातात घेऊन ती जागेवर जाऊन बसली.

पुन्हा दिवे गेले. या वेळी पडद्यावर अंगण आलं, तुळस आली, घामेजलेले चेहरे आले. फुगडी वेगात होती, जशी असते तशी. बांगड्या वाजत होत्या, मध्येच कुत्रं भुंकत होतं, आणि फू फूचा असा दणका की संग्रहालयाच्या भिंतींना कारखान्याचे दिवस आठवले असतील. त्या सगळ्यावरून जानकीचा आवाज आला. किंचित बसका, वरच्या सुराला फाटणारा, सासूची टर उडवणारा. बायकांनी नकळत ठेका धरला. सभागृहात आवाज करू नये अशी पाटी दारावर होती, ती दारावरच राहिली.

फेरी वाढली, पडद्यावरच्या शेवंतीचा तोल किंचित गेला, आणि गाणं मध्येच तोडून जानकी खेकसली, "शेवंते, हात घट धर गो. नायतर दोघांय पडतलव."

लोक हसले. शेवंती हसली नाही. तिने समोरच्या रिकाम्या खुर्चीची पाठ दोन्ही हातांनी आवळून धरली होती आणि तिच्या डोळ्यांतलं पाणी हनुवटीपर्यंत आलं होतं. ते पुसायला तिने हात सोडला नाही.

"धरलंय गो," ती पडद्याकडे बघून म्हणाली, सगळ्यांना ऐकू जाईल अशी.