सुई तीच आहे ना?

रविवारी सकाळी रेकॉर्ड लावण्याआधी मी सुई साफ करते. इवल्याशा ब्रशला अल्कोहोलचा एक थेंब, मग मागून पुढे, नेहमी मागून पुढेच, हलकेच. तो झोंबरा वास नाकात शिरला की सातासमुद्रापारच्या चँडलरमधली ही माझी खोली विरते आणि मागच्या गल्लीतलं एक गराज डोळ्यांपुढे येतं.

तिथे एक काका बसायचे. मूळचे नागपूरचे. उमेदीची वर्षं गेली ती चिप बनवणाऱ्या कारखान्यात, मायक्रोस्कोपला डोळा लावून. निवृत्तीनंतर तोच डोळा त्यांनी लोकांच्या रेकॉर्ड प्लेअरांना लावला. वाकलेल्या सुया सरळ करायच्या, सुटलेल्या तारा जोडायच्या आणि मोबदला म्हणून काही घ्यायचं नाही. मी पुण्याची. फुकट काम करणाऱ्या माणसाचा मला उपजतच संशय येतो.

बाबा गेल्यावर मी त्यांच्या सामानातून फक्त रेकॉर्ड प्लेअर मागून घेतला होता. त्याचं कार्ट्रिज, म्हणजे सुई बसवलेली ती बोटाच्या पेराएवढी डबी, बाबा कुणाला हात लावू देत नसत. एक दिवस तिचा एका बाजूचा आवाज गेला आणि गाणारीचा प्रत्येक ‘स’ फाटून यायला लागला. ते मॉडेल बाजारातून केव्हाच नाहीसं झालेलं. काकांकडे मात्र अगदी तसलंच कार्ट्रिज होतं. म्हणूनच त्यांचं नाव कुणीतरी सुचवलं आणि म्हणूनच माझ्या मनात पाल चुकचुकली. स्वतःचं झिजलेलं त्यांनी माझ्या गळ्यात मारलं तर?

देण्याआधी मी कार्ट्रिजच्या पोटावर नेलपॉलिशचा बारीक ठिपका दिला. स्टीलच्या भांड्यांवर नाव घालून घेणाऱ्या बायकांत वाढलेली मी. खुणेशिवाय वस्तू आमच्या घराबाहेर जात नाही.

“ठेवून जा बेटा,” काका म्हणाले. “कोणी पाहत बसलं की माझा हात शेक होतो.”

झालं, संशयाला खतपाणीच.

आठवड्याने कार्ट्रिज परत आलं. ठिपका जागच्या जागी. घरी येऊन रेकॉर्ड लावली आणि मी ताठ बसले. तानपुरा कधी नव्हे इतका मोकळा झंकारत होता, तानेआधी गाणारीने घेतलेला श्वाससुद्धा ऐकू येत होता. दुरुस्त केलेली वस्तू पहिल्यासारखी होते. पहिल्याहून सरस कशी होईल? मग लक्षात आलं, सुई या डबीतून नुसती ओढली तरी निघते. मी डब्यावर नाव घातलं होतं, झाकणावर घालायचं राहिलं होतं.

लगेच फोन केला. “काका, सुई तीच आहे ना?”

“तीच आहे ना. क्लीन केली फक्त. कचरा फार होता यार.”

इतकं चटकन आलेलं उत्तर मला कधीच पटत नाही.

संक्रांतीत काकूंनी हळदीकुंकवाला बोलावलं. हॉलच्या कोपऱ्यात काकांचा प्लेअर भरतकामाच्या रुमालाखाली झाकलेला. “हल्ली लावतच नाहीत. म्हणतात, बोअर झालं,” असं म्हणत काकू तिळगूळ आणायला आत गेल्या. मी हळूच रुमाल उचलला, वाकून पाहिलं. कार्ट्रिज होतं. त्यात सुई नव्हती.

ती माझ्या घरी वाजत होती. मला रडूच फुटायचं बाकी राहिलं. मागे वळले तर काका उभे. त्यांनी माझ्या हातातला रुमाल घेतला आणि पुन्हा नीट पसरून घातला.

“तुझं बरोबर वाजतंय ना?”

“हो,” मी म्हटलं. “रविवारी ऐकायला या.”

ते आले. मुलीकडे दूर मॉरिसव्हिलला राहायला जाईपर्यंत दर रविवारी येत राहिले, डोळे मिटून ऐकत राहिले. ती दोघं तिकडे गेली, गराजात आता दुसऱ्या कुणाच्या सायकली आहेत. सुईही थोडी थोडी झिजत चालली आहे. जो आवाज मी इतकी वर्षं बाबांचा म्हणून जपला, तो बाबांनी कधी ऐकलेलाच नाही.

बाबांची सुई काकांच्या हातून मोडली, की ती आधीच संपलेली होती आणि मला तसं सांगणं त्यांच्या जिवावर आलं? काकांशी फोनवर बोलताना हा प्रश्न माझ्या अगदी ओठांवर येतो. जन्मभर मी प्रत्येक संशयाची शहानिशा करत आले. एवढा एक मात्र मला तसाच हवा आहे.