लाल कुलूप आणि पाच किलोमीटर

"साहब, ये गैस नहीं है. हार्ट अटैक है," कॅज्युअल्टीत मला तपासायला आलेल्या हृदयरोगतज्ज्ञ मॅडम म्हणाल्या. त्यांच्या हातात माझ्या ईसीजीची पट्टी होती. ईसीजी म्हणजे हृदयातल्या विजेचा आलेख. मी मंडीदीपच्या एका कारखान्यात मेंटेनन्स इंजिनियर आहे, आलेख वाचण्यात निम्मं आयुष्य गेलं आहे. तरीही मी त्यांना म्हणालो, "मॅडम, एक बार मशीन चेक कर लीजिए."

मशीन ठीक होतं.

"दर्द कब से है?" त्यांनी विचारलं. माझी बायको सुजाता शेजारीच उभी होती. मी म्हणालो, "आज सुबह से." हे धादांत खोटं होतं.

खरी गोष्ट चार दिवस आधीची. आमच्या शाहपुऱ्यात दर हिवाळ्यात तलावाभोवती पाच किलोमीटरची शर्यत होते. मी दरवर्षी पळायचो, आणि दरवर्षी आमच्या प्लांटमधल्या तिवारीच्या पुढे राहायचो. त्या दिवशी तिसऱ्या किलोमीटरला छातीवर कुणीतरी हात दाबून धरल्यासारखं वाटलं. जबडा दुखू लागला. मनगटावरचं घड्याळ नाडी फार वाढली म्हणून टुकटुक करत होतं. मी त्याचा आवाज बंद केला आणि पळत राहिलो.

प्लांटमध्ये एखाद्या ऑपरेटरने उत्पादन थांबू नये म्हणून अलार्म बायपास केला, तर मी त्याची सालटी काढतो. तेच मी स्वतःच्या छातीशी केलं, तेही तिवारीसाठी. शर्यत संपल्यावर पोहे-जलेबी खाल्ली. घरी अवाक्षर बोललो नाही. चौथ्या दिवशी सकाळी दुखणं असह्य झालं, तेव्हा गॅस असेल म्हणत दवाखान्यात आलो.

अँजिओग्राफी झाली. यात मनगटाच्या रक्तवाहिनीतून बारीक नळी हृदयापर्यंत नेतात आणि रंग सोडून अडथळा कुठे आहे ते बघतात. एक वाहिनी जवळजवळ बंद होती. लगेच अँजिओप्लास्टी केली, म्हणजे ती वाहिनी फुग्याने फुगवून आत जाळीची नळी बसवली. त्या नळीला स्टेंट म्हणतात. मी जागा होतो. पडद्यावर माझंच हृदय धडधडताना दिसत होतं आणि मला एकदम त्याची कीव आली.

दुसऱ्या दिवशी आयसीयूत मॅडमनी पुन्हा विचारलं, तेव्हा खरं सांगितलं. त्या रागावल्या नाहीत. "चार दिन पहले आते तो दिल का कम नुकसान होता," एवढंच म्हणाल्या. हे सुजाताने ऐकलं. त्यानंतर दोन दिवस ती माझ्याशी औषध आणि पाणी यांपलीकडे काही बोलली नाही.

तुमच्यापैकी जे या वाटेवर असतील, त्यांना एक सांगून ठेवतो. आयसीयू तितकंसं अवघड नाही, तिथे सगळं दुसरेच करतात. अवघड आहे ते घरी आल्यावर. जिना चढताना मी मधल्या पायरीवर थांबून नाडी मोजायचो. आंघोळीला दाराची कडी लावायला भ्यायचो. एकदा टीव्हीवर क्रिकेट बघता बघता रडू आलं, आणि आपण जिंकत होतो. मॅडमना सांगितलं तर त्या म्हणाल्या, असं बऱ्याच जणांना होतं, लाजू नका.

घरी आल्याच्या आठवड्यातच सुजाताने शूजच्या कपाटाला कुलूप घातलं. साधं नव्हे, आमच्या प्लांटमधलं लाल कुलूप. सायकलला लावायला म्हणून मीच एक जुनं कधीतरी घरी आणलं होतं. आमच्याकडे मशीन दुरुस्तीला घेतलं की, ज्याचा हात आत जाणार तो माणूस स्विचला स्वतःचं लाल कुलूप लावतो आणि किल्ली खिशात ठेवतो. ते दुसऱ्या कुणीही काढायचं नाही, अगदी प्लांट हेडनेसुद्धा. वीस वर्षं जेवताना मी हा नियम तिला ऐकवत आलो होतो.

"हात माझा अडकलाय आत," ती म्हणाली. "म्हणून कुलूप माझं."

मी निमूटपणे चपला घालून फिरायला लागलो.

मग कार्डिअ‍ॅक रिहॅब सुरू झालं. म्हणजे देखरेखीखाली हळूहळू व्यायाम वाढवत हृदयाला पुन्हा सवय लावायची. तिथे मी टॉक टेस्ट शिकलो. चालताना-पळताना पूर्ण वाक्य बोलता आलं पाहिजे, दम लागून वाक्य तुटलं तर वेग जास्त. मी तलावाकाठी मोटारीच्या बेअरिंगवर मोठमोठ्याने व्याख्यान देत फिरायचो. लोक वळून बघायचे. शूज हवे असले की सुजाता कुलूप काढून द्यायची आणि आल्यावर पुन्हा लावायची.

पुढच्या हिवाळ्याआधी स्ट्रेस टेस्ट झाली. सरकत्या पट्ट्यावर चालवत, वेग वाढवत ईसीजी काढतात, ती ही तपासणी. ती बरी आली. शर्यतीबद्दल मी भीत भीत विचारलं. मॅडमनी कागदावर लिहून दिलं: चार मिनिटं हळू पळायचं, एक मिनिट चालायचं, शेवटपर्यंत असंच. "और सीने में कुछ भी लगे तो रुकना है, और बताना है. बहादुरी नहीं." 'बताना' या शब्दाखाली त्यांनी रेघ मारली होती.

शर्यतीच्या सकाळी सुजाताने कुलूप काढलं. "मी तिसऱ्या किलोमीटरला उभी राहते," एवढंच म्हणाली.

पळणं कठीण नव्हतं, चालणं कठीण होतं. अंगात जोर असताना, सगळे पुढे जात असताना, घड्याळ वाजलं की चालायला लागायचं. पहिल्यांदा चालू लागलो तेव्हा तिवारी मागून आला. "अरे सर, रुक क्यों गए? चलिए, चलिए!" त्याचं मन साफ होतं. माझे पाय आपोआप उचलले जाऊ लागले. मी मनात म्हटलं, एक मिनिट म्हणजे एक मिनिट. तिवारी गेला. पुढच्या वेळी चालत असताना एक आजोबा पुढे गेले, मग बाबागाडी ढकलणारी एक बाई गेली. प्रत्येक वेळी मनाला नव्याने बांधून घ्यावं लागत होतं. लोकांना वाटतं निश्चय हा पळण्यासाठी लागतो.

तिसऱ्या किलोमीटरच्या जरा अलीकडे छातीत डावीकडे चमक आली. बारीक, टोचल्यासारखी. मी चालू लागलो, ती थांबली. पळायला लागलो, पुन्हा आली. श्रमाने दुखतं आणि थांबलं की थांबतं, ही खूण मला तोंडपाठ होती. समोर सुजाता दिसत होती, तिने हात हलवला. खरं सांगतो, पहिला विचार हाच आला की हसून हात हलवावा आणि पुढे जावं. दोनच किलोमीटर उरले होते. वर्षभराची मेहनत, आणि ती पुन्हा घाबरेल.

मी तिच्यापाशी जाऊन थांबलो. "छातीत टोचतंय," म्हणालो. हे दोन शब्द बोलायला मला एक वर्ष लागलं होतं.

तिचा चेहरा पांढराफटक पडला, पण तिने मला बाकावर बसवलं आणि शर्यतीच्या अँब्युलन्समधल्या नर्सला हाक मारली. नर्सने नाडी बघितली, बीपी बघितलं. दोन्ही ठीक. गाडीत झोपवून ईसीजी काढायला शर्ट वर केला आणि ती म्हणाली, "ये क्या है?"

छातीवर नंबराचा कागद लावलेली सेफ्टी पिन उघडली होती. पळताना प्रत्येक पावलाला ती टोचत होती. तिथे रक्ताचे चार ठिपके होते.

तरी ईसीजी काढला, आणि फोनवरून मॅडमना पाठवला. आधीच्यासारखाच होता. "पैदल पूरा कीजिए, दौड़ना आज बस," असं त्यांनी सांगितलं. सुजाता आधी रडली, मग इतकी हसली की नर्सही हसू लागली. उरलेलं अंतर आम्ही दोघं चालत गेलो. ती चपलांवर होती. आम्ही पोचलो तेव्हा मंडपाच्या कनाती उतरवत होते. तिवारी आमच्यासाठी पोह्यांच्या दोन प्लेट धरून उभा होता. पहिला आलो असतो तरी मला इतकं हलकं वाटलं नसतं.

त्या मॅडमचे, नर्सचे आणि तिवारीचेही आभार मानायचे आहेत. आणि तुम्हाला एवढंच सांगायचं आहे की, छातीत काही झालं तर सांगा. नुसती पिनच निघाली तर लोक हसतील, हसू देत.

घरी आल्यावर मी शूज कपाटात ठेवले आणि सवयीने बाजूला झालो. सुजाताने कुलूप लावलं आणि किल्ली माझ्या हातावर ठेवली.

"आज पिन टोचली तरी सांगितलंत," ती म्हणाली. "आता तुमच्याकडेच असू दे."

प्लांटच्या नियमात हे बसत नाही. तिचा हात अजून आत आहे, हे मला ठाऊक आहे. म्हणून रोज सकाळी मी आधी तिला हाक मारतो, आणि तिने ओ दिली की मगच कुलूप उघडतो.