चमेलीचे जंत

अंधेरीच्या आमच्या जनावरांच्या दवाखान्यात बाटल्या रोज धुतल्या जायच्या, किस्से मात्र साचत गेले. मी मायक्रोस्कोपवर होतो. काय बघतोस, असं कुणी विचारलं तर मी विषय बदलायचो. जेवणाच्या पानावर सांगण्यासारखं नव्हतंच ते!

आमचं लाडकं गिऱ्हाईक म्हणजे चमेली चिंपांझी. तिचा शेट साकीनाक्याला जनावरं पाळायचा आणि मढला शूटिंग असलं की भाड्याने द्यायचा. तिला सांभाळणारा बाबल मालवणचा, एकटा जीव. चमेली म्हणजे त्याची लेकच.

*

चमेली खंगायला लागली तेव्हा डॉक्टर सबनिसांनी शी तपासायला मागवली. बाबलने ती मिठाईच्या पुड्यात आणली, वर दोरा बांधून! पेढे समजून डॉक्टरांनी पुडा हसत हसत सोडला.

बाबल कौतुकाने म्हणाला, "ताजा आसा!"

त्या दिवशी डॉक्टर जेवले नाहीत.

*

पोटात जंतच जंत. डॉक्टर शेटना म्हणाले, "रिपोर्ट पॉझिटिव्ह आहे."

शेट खूश! "झकास! निगेटिव्हचं काय करायचं? थेटरात चालते ती पॉझिटिव्ह प्रिंटच!"

नीट समजावल्यावर मात्र त्यांचा चेहरा उतरला. "बरी नाय झाली तर सर्कशीला विकून टाकेन हां!"

बाबल पार पांढरा पडला. मलाही फार वाईट वाटलं.

*

डॉक्टर म्हणाले, "अरे, जंगलात ही मंडळी रोज नव्या झाडावर नवं घरटं करून झोपतात. घाण मागे राहते, तिच्यातले बरेचसे जंतही मागेच. इथे बिचारी त्याच पिंजऱ्यात."

"रोज नवी जागा?" बाबलने डोळे विस्फारले. "नि पागडी कोण देता?"

*

जंतांचं औषध गोड होतं. चमेली चमचा चाटून पुढे बाटलीच मागायची. बाबलही तिथेच घुटमळायचा.

"डॉक्टर, माका पण वायच?"

"का रे, तुलाही जंत आहेत?"

"नाय ओ! वास बरो येता."

चमेली साफ बरी झाली, अंगावर मांस चढलं. आणि महिना-दीड महिन्याने पुन्हा जंत! डॉक्टरांना बाबलचं औषध मागणं आठवलं. बाबलची तपासणी केली. यार, काय ती स्लाइड! दोघं एकाच ताटात जेवत होती, दुसरं काय होणार?

"पूर्ण बरा होईपर्यंत तू लांब राहायचं," डॉक्टर म्हणाले. बाबल रडत रडत घाटकोपरला भावाकडे गेला. चमेली त्याचा सदरा सोडेना. शेवटी सदरा तिच्याकडेच राहिला.

*

चमेलीला पुन्हा औषध दिलं, बाबलही औषध घेऊन ठणठणीत झाला. आता चमेलीचा शेवटचा रिपोर्ट तेवढा यायचा होता. तो चांगला आला की बाबल परत कामावर, नाहीतर चमेली सर्कशीत. दवाखान्यात बाबल एका बाकावर, शेट दुसऱ्या बाकावर. मी मायक्रोस्कोपला डोळा लावला. पुन्हा जंत!

डॉक्टर चक्रावले. "बाबल तर इथे नव्हता. मग हिला भरवत कोण होतं?"

शेट छताकडे बघत होते.

"ती जेवतच नव्हती ओ," ते हळूच म्हणाले. "मग माझ्याच ताटातलं... हातानेच..."

डॉक्टरांनी एक रिकामी बाटली शेटपुढे सरकवली. दुसऱ्या दिवशी ती स्लाइड मी बघितली, डॉक्टरांनी बघितली, आणि हट्ट धरला म्हणून बाबललाही दाखवली.

बाबलने बराच वेळ डोळा लावून पाहिलं. मग शेटकडे बघत, अगदी काळजीने विचारलं,

"डॉक्टर, शेटाक खंय धाडूचा?"