खंडेनवमीला पुजलेल्या दोन बाटल्या

खंडेनवमीला आमच्या घरात एकही हत्यार पूजेवाचून राहत नाही. कोयता, ट्रॅक्टरचे पाने, आईची विळी, सगळं पाटावर. त्या वर्षी आबा, म्हणजे फौजेतून निवृत्त झालेले माझे वडील, फोनवर म्हणाले, "तुजं हत्यार बी आन की." म्हणून मी सांगलीच्या प्रयोगशाळेतून दोन बाटल्या घेऊन इस्लामपूरजवळच्या आमच्या गावी आले.

बाटल्यांत मोहरीएवढे पॉलिमरचे मणी होते. त्यांना अल्क, म्हणजे साबणात असतो तसला क्षार, जोडलेला, आणि तो घट्ट जोडलाय असा माझा दावा. हे मणी टाकून तापवलं की त्या अल्कामुळे एका सेंद्रिय कार्बोनेटचं बॅटरीला लागणारं दुसरं कार्बोनेट होतं. मग मणी गाळायचे, धुवायचे, परत वापरायचे. एका बाटलीत कोरे मणी, दुसरीत पुन्हा पुन्हा वापरलेले. वापरूनही ते मरत नाहीत, यावर माझी अख्खी पीएचडी उभी होती, आणि दसरा झाला की तोंडी परीक्षा.

अंघोळ करून बाहेर येते तर दोन्ही झाकणं उघडी! आबा ओल्या हळदीची बोटं आत झटकत होते.

"आवं आबा, झाकान कशाला उगडलं?"

"मग? म्यानातल्या तलवारीला कोन हळद लावतं व्हय? पलटनीत आमी रायफल खोलून पुजायचो."

तणतणत मी बाटल्या उचलल्या आणि ओरडायचं राहूनच गेलं. कोऱ्या मण्यांवरची हळद लाल झाली होती, हळदीच्या डागाला साबण लागला की होते तशी. तिथं अल्क जागेवर होता. वापरलेल्या मण्यांवर मात्र ती पिवळीधमक.

मी तिथंच फतकल मारली. म्हणजे अल्क दर खेपेला थोडा थोडा सुटून द्रावणात उतरत होता, काम तो करत होता आणि शाबासकी मी मण्यांना देत होते! आता तो संपला होता.

आबांना यातलं काहीच ठाऊक नव्हतं. ते खुशीत होते. "बघ, कुंकू लावायच्या आदीच हिनं रंग घेतला! देवी पावली." मग दुसऱ्या बाटलीत डोकावले आणि हिरमुसले. "हिला कमी पडली वाटतं. परत लावू का गं?"

मी बाटली त्यांच्यापुढं धरली.

"लावा, आबा."

या खेपेला त्यांनी चांगली मोठी चिमूट घेतली. आम्ही दोघं वाकून बघत राहिलो. हळद पिवळीच होती.