पांढऱ्या म्हशीचे काका

काका रोज सकाळी दात घासण्याआधी बागेत जाऊन गॅसच्या टाकीला थोपटायचे. पायजम्यावर ओव्हरकोट, डोक्याला कानटोपी, पायात लाकडी जोडे. टाकी पांढरी, आडवी, ठेंगण्या पायांवर उभी. तिच्या पोटावर दोन थापा मारून ते विचारायचे, "काय म्हशीबाई, झोप लागली का?" मग वरचे झाकण उघडून काटा बघायचे आणि आत येऊन मला सांगायचे, "पोट भरलेलं आहे. टाक चहा."

ते मूळचे कोल्हापूरचे. लहानपणी दारात म्हैस होती, म्हणून टाकीचे नाव म्हैस. जहाजाच्या इंजिनावर फिटर म्हणून तरुणपणी इकडे डच मुलखात आले, इथल्याच बाईशी लग्न केले आणि नायमेखनच्या बाहेर नदीच्या बांधालगत हे घर घेतले. आम्ही त्यांच्या मागच्या दोन खोल्यांत भाड्याने राहत होतो. माझा नवरा गावातल्या भारतीय हॉटेलात आचारी. तो सकाळी सायकल काढून जायचा तो जेवणाच्या दोन्ही वेळा उरकूनच परत यायचा. दिवसभर घरात मी, काका, आणि शाळेतून आल्यावर माझी मुलगी मीनू.

बांधावरच्या घरांना नळाचा गॅस नाही. "पाइप चर्चपर्यंत आला आणि दमला," असे काका म्हणायचे. चर्चच्या पलीकडच्या आम्हा पाच-सहा घरांकडे अशाच टाक्या. टँकर यायचा, लांब नळी बागेतून ओढून टाकी भरून जायचा. त्या दिवशी काका दाढी करून बसायचे, पाहुणे यायचे असल्यासारखे.

त्यांचे मराठी ते देश सोडून आले तिथेच थांबले होते. स्कूटरला फटफटी म्हणायचे, सिनेमाला बोलपट. त्यात मध्येच इथला शब्द यायचा. नगरपालिकेला ते खेमेंटेच म्हणायचे, आणि तो ख घशातून असा काढायचे की मीनू हसून लोळायची. ती त्यांना ओपा म्हणायची, म्हणजे आजोबा. काका तिच्याशी मराठीत बोलायचे, ती इथल्या भाषेत उत्तर द्यायची, आणि दोघांचे भांडणसुद्धा त्याच पद्धतीने चालायचे.

घर याच गॅसवर तापायचे, आणि उबेच्या बाबतीत काका कडक. "आधी स्वेटर, मग रेडिएटर," हा त्यांचा नियम. कुणी खिडकी उघडी टाकली की ओरडायचे, "अरे, म्हशीचं दूध रस्त्यावर सांडतंय!" पण मीनूच्या खोलीतला रेडिएटर ते कधी बंद करायचे नाहीत. ती शाळेतून यायच्या अर्धा तास आधी स्वतः जाऊन त्याची कळ फिरवून यायचे. मी पाहिले आहे हे त्यांना माहीत होते.

त्यांच्या बायकोचे नाव रिया. आपल्याकडे हे नाव हल्लीच्या मुलींचे, इथे म्हाताऱ्या बायकांचे असते. मी त्यांना पाहिले नाही. आम्ही राहायला आलो त्याच्या कितीतरी आधी त्या गेल्या. पण गॅस कंपनीचे बिल अजून त्यांच्याच नावाने यायचे. लिफाफा आला की काका तो टेबलावर, रियाकाकूंच्या खुर्चीसमोर ठेवायचे, चष्मा लावून नाव मोठ्याने वाचायचे आणि म्हणायचे, "रियाबाई, पत्र आलंय तुम्हाला." मग चहा पिऊन झाल्यावर फोडायचे. बँक, विमा, पाणी, सगळीकडचे नाव त्यांनी काढले होते. गॅसचे तेवढे ठेवले होते.

मग तो महागाईचा हिवाळा आला. सगळ्यांचाच गॅस महागला. नळाच्या गॅसवाल्यांसाठी सरकारने दरावर मर्यादा घातली, टाकीवाल्यांचे नाव कुठे नव्हते. काका बातम्या ऐकत म्हणाले, "सरकारला पाइप दिसतो, म्हैस दिसत नाही." शेजारच्या म्हाताऱ्यांनी पत्रे लिहिली, काकांनीही लिहिले. पुढे जाहीर झाले की आमच्यासारख्या घरांनाही मदत मिळेल, खेमेंटेत फॉर्म भरायचा. काकांनी त्याच दिवशी भरला. मीनूला म्हणाले, "बघ, दिसली शेवटी!"

पंधरा दिवसांनी फॉर्म परत आला. बिल एका नावाचे आणि अर्ज दुसऱ्या नावाचा, असे चालणार नव्हते. काका सायकलवरून खेमेंटेत जाऊन आले. तिथल्या मुलीने नीट समजावून सांगितले म्हणे. कंपनीला फोन करा, बाई वारल्याचे कळवा, बिल तुमच्या नावावर करून घ्या आणि महिना संपायच्या आत पुन्हा अर्ज द्या.

"सोपं आहे की," माझा नवरा म्हणाला.

"सोपंच आहे," काका म्हणाले आणि कागद घड्याळाखाली सरकवून ठेवला. "बघू."

तो कागद तिथेच राहिला. मी रोज घड्याळाखालची धूळ पुसायची आणि कागद होता तसा ठेवायची. मला विचारायचे धैर्य होत नव्हते. भाडेकरूने काय बोलावे? त्यात माझी शाळा चौथीपर्यंत, कागदपत्रांत मी तोंड घालावे असे मला कधी वाटले नाही. नवरा मात्र हॉटेलमधल्या ओळखीने शहरात खोली बघू लागला होता. "टाकी संपली तर पोरीला घेऊन कुठं जाणार?" तो म्हणायचा. खोली बघायला जायचे त्याने रविवारचे ठरवले होते. काकांना हे सांगायचे काम त्याने माझ्यावर टाकले होते, आणि मी तेही टाळत होते.

काटा कसा आहे म्हणून मी रोज काकांना विचारायची. "अर्ध्यावर," काका सांगायचे. आठवडाभर अर्ध्यावर. पुढचा आठवडाही अर्ध्यावर. घर तर रोज तापत होते. गॅस खर्च होतो आणि काटा हलत नाही, हे माझ्या मनाला पटेना.

शुक्रवारी सकाळी काका आंघोळीला गेलेले पाहून मी पातेलेभर कडक पाणी आणि एक फडके घेऊन बागेत गेले. गावाकडे सिलिंडर किती उरला ते आम्ही असेच बघायचो. काटा कुठे असतो सिलिंडरला? वरून गरम पाणी ओतायचे, फडके फिरवायचे आणि तळवा वरून खाली न्यायचा. रिकामा भाग कोमट लागतो, गॅस असेल तिथून हाताला गार लागते. मी टाकीच्या एका टोकाला पाणी ओतले आणि हात खाली खाली नेला. गार लागेचना. पार खाली, पायांच्या जवळ आले तेव्हा लागले.

"काय गं, म्हशीला आंघोळ घालतेस?" काका मागे उभे होते. केस ओले, कोटाची बटणे चुकीची लावलेली.

मला पळून जावेसे वाटले. पण पातेल्यात पाणी उरले होते. मी ते पुन्हा ओतले आणि म्हटले, "काका, हात लावा. वरपासून खाली आणा."

त्यांनी हात लावला. हळूहळू खाली आणला. मग वाकावे लागले तेव्हा थांबले.

"चार बोटं आहे फक्त," मी म्हणाले. "तुमचा काटा अडकलाय. किती दिवस झाले कोण जाणे."

त्यांनी ओला हात कोटाला पुसला. इतकी वर्षे इंजिनांत गेलेला माणूस, काटा अडकलेला त्यांना कळला नाही, याची त्यांना लाज वाटली असावी. नवीन दराने टाकी भरणे त्यांच्या पेन्शनीत बसत नव्हते, हे आम्हा दोघांनाही ठाऊक होते.

तेव्हा मी बोलले. कशी बोलले ते मला अजून कळत नाही. "काका, रविवारी आम्ही शहरात खोली बघायला जाणार आहोत. मला नाही जायचं. पण मीनूला थंडीत ठेवता येणार नाही."

"तुझ्या नवऱ्यानं ठरवलं?"

"हो."

"शहाणा आहे," ते म्हणाले आणि आत गेले.

मी पाठोपाठ गेले तेव्हा ते फोनपाशी बसले होते. घड्याळाखालचा कागद समोर होता. ते इथल्या भाषेत बोलत होते. मला फार कळत नव्हते, पण 'वारली' याचा इथला शब्द कळला. तो त्यांना दोनदा उच्चारावा लागला. पलीकडच्या बाईने बहुधा दुःख व्यक्त केले, कारण काका घाईने म्हणाले की फार वर्षे झाली. मग त्यांनी आपले नाव एकेक अक्षर करून सांगितले आणि फोन ठेवला.

"झालं," ते म्हणाले. "आता तिला पत्र येणार नाही." मग म्हणाले, "चहा टाक. साखर जास्त घाल."

फॉर्म भरताना त्यांनी मला समोर बसवले. घरात कोण कोण राहते ते त्यात लिहायचे होते आणि प्रत्येक मोठ्या माणसाची सही हवी होती. मी मराठीत सही करायला लागले तर त्यांनी पेन धरले. "ते वाचणार कोण इथे? यांच्या अक्षरात लिही."

"मला येत नाही, काका."

"म्हशीचं पोट तपासता येतं, आणि पाच अक्षरं येत नाहीत? आधी एक काठी उभी कर. आता तिला एक हात वर, एक पाय खाली. हा झाला के."

जुन्या वर्तमानपत्राच्या कडांवर मी दुपारभर कमल लिहीत बसले. मीनू शाळेतून आली, तिने पाहिले आणि गाल फुगवून हसली. काका तिला म्हणाले, "हसतेस काय? तुझ्या आईमुळे आपण गारठणार नाही."

मदत मंजूर झाली. तोवर आम्ही सगळे त्यांच्या बैठकीच्या एकाच खोलीत बसायचो, बाकीचे रेडिएटर बंद. मग टँकर आला. काकांनी दाढी केली होती. नळी लागली तेव्हा त्यांनी कानटोपी काढून हातात घेतली आणि टाकी भरेपर्यंत तसेच उभे राहिले. त्या माणसाने काटाही बदलून दिला. पण काका त्यानंतर काट्याकडे बघायचे नाहीत. मला हाक मारायचे, "कमल, पातेलं आण!"

आम्ही शहरात गेलो नाही. त्यानंतर दोन हिवाळे काका आमच्याबरोबर होते. मग पायांनी दगा दिला आणि त्यांना शहरातल्या वृद्धाश्रमात जावे लागले. घर रियाकाकूंच्या भाच्याकडे गेले, त्याने आम्हाला राहू दिले. निघायच्या आदल्या दिवशी काकांनी पुन्हा तो फोन केला. या वेळी मला शेजारी बसवून, माझ्या नावावर गॅस करायला.

"यांच्या नावावर करा ना," मी म्हटले.

"तो दिवसभर भट्टीपाशी असतो, त्याला थंडी कुठली? आणि ऐक, उद्या तुम्ही घर सोडलंत तर नाव वेळेवर काढ. माझ्यासारखं करू नको."

पहिले बिल आले तेव्हा मी ते तसेच पिशवीत घालून बस पकडली आणि त्यांच्याकडे गेले. आयुष्यात माझ्या नावाने कधी काही आले नव्हते. शाळेचा दाखला आणि पासपोर्ट सोडला तर माझे नाव छापलेलेही मी कुठे पाहिले नव्हते. काका खिडकीपाशी खुर्चीत होते, गुडघ्यांवर घोंगडी. लिफाफा त्यांनी हातात घेतला, उलटसुलट केला आणि परत दिला.

"वाच."

मी नाव वाचले, हळूच.

"असं नाही. शेजारच्या खोलीत ऐकू जाऊ दे."

शेजारच्या खोलीत एक डच आजीबाई झोपल्या होत्या. दार उघडे होते. पण काका डोळे मिटून वाट बघत होते, म्हणून मी उभी राहिले आणि मोठ्याने म्हणाले, "कमलबाई, पत्र आलंय तुम्हाला."

"आलंय ना?" काका म्हणाले. "मग आधी चहा पी. मग फोड."

त्या थंडीतच ते गेले. टाकीला मी रोज सकाळी थोपटते. बिल आले की टेबलावर ठेवते, नाव मोठ्याने वाचते, आणि चहा झाल्याशिवाय फोडत नाही.