बस्त्यावकाकांची राजेळी

वसईचा इतिहास आधी मातीत हात घालून शिकावा आणि मग कागदपत्रं उघडावीत, असं मी वर्षानुवर्षं ओरडून सांगत आलोय. यंदा फेब्रुवारीत एम.ए.चे बारा विद्यार्थी घेऊन थेट गिरीज गाठलं. वसई रोड स्टेशनच्या पश्चिमेहून बस मिळते. लवकर निघा, दहानंतर नाक्यानाक्यावर अडकायला होतं. जुने कपडे आणि टोपी हवीच.

बस्त्यावकाकांची वाडी चर्चच्या मागे. सत्तरी ओलांडलेले काका पहार घेऊनच उभे होते. राजेळी केळीच्या बेटातून मुनवा, म्हणजे बाजूचा कोंब, गड्ड्यासकट कसा सोडवायचा ते त्यांनी दाखवलं. आमच्या तन्वीने जोरजोरात पहार मारली.

"अगं बाय, विहीर नाय खणायची," काकांनी टोकलं. सगळे हसले. मग काका म्हणाले, "ही केळ माझ्या आजाने लावली."

"केळ एवढी जगते, काका?"

"घड दिला की तोडायची. मुनवा लावला की तीच केळ पुढे चालली."

माझं तासाभराचं व्याख्यान त्यांनी दोन वाक्यांत आटोपलं. या केळीला बी धरत नाही. दर वेळी कुणीतरी वाकून ती पुढे दिली, म्हणून ती आहे.

दुपारी काकूंनी भात आणि बोंबलाचं कालवण वाढलं, वर सुकेळी. उन्हात वाळवलेली राजेळी ती, गोड आणि चिवट. जेवताना काका म्हणाले, "विहीर मचूळ झालीय, सर. केळ आता इथं जगायची नाय. आज काढलेले पाच मुनवे तुमच्या कॉलेजात लावा."

मी खरकट्या हातानेच उभा राहून बोलू लागलो. वाडीतली केळ वाडीतच राहिली पाहिजे. आज रोप हललं तर उद्या जमीन मागायला येणाऱ्या बिल्डरांना आपणच वाट करून दिली. काका, तुम्ही हटू नका. मुलांनी टाळ्या वाजवल्या. काका "बरं" म्हणाले आणि मुनवे परत मातीत लावायला उठले.

मेअखेरीस तन्वीने फोन केला, तो काकूंनी घेतला. "बेट सुकलं गो बाय. हे रस्त्यावरच्या नळावरून रोज बादल्या आणायचे. सरांनी सांगितलंय म्हणायचे. कंबर गेली, तेव्हा थांबले."

राजेळी वसईत अजून मिळते. जरूर जा, सुकेळी आणा. दुसऱ्या कुणाच्या वाडीतले मुनवे आमच्या कॉलेजच्या बागेत लागतीलही.

जूनमध्ये तन्वीने भर वर्गात विचारलं, "सर, त्या दिवशी तुमचं बरोबर होतं?"

मी नाही म्हणालो. पाच मुनव्यांना बसमध्ये दोन पिशव्या पुरल्या असत्या.